बॅक्टेरियल सेल्युलोज आणि चिंचोक्याच्या डिंकाची फिल्म : पांढरे ठिपके, मुडपणं आणि न जुळणारे आकडे

नवतंतू (प्रश्न)

नमस्कार. सुक्या मसाल्याच्या छोट्या पुड्यांसाठी अस्तर म्हणून बॅक्टेरियल सेल्युलोज (जिवाणूंनी तयार केलेलं सेल्युलोज, पुढे बीसी) आणि चिंचोक्याच्या डिंकाची फिल्म बनवायची आहे. सध्याची कृती अशी :

बीसी कोमागाटाइबॅक्टर झायलिनस या जिवाणूपासून, हेस्ट्रिन-श्रॅम या वाढीच्या द्रावणात, म्हणजे माध्यमात (लिटरला ग्लुकोज २० ग्रॅम, पेप्टोन ५, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट २.७, सायट्रिक ॲसिड १.१५), ३० अंशांवर १० दिवस न हलवता. वर आलेली साय कॉस्टिक सोड्यात उकळून धुतली, हाताने पिळली, मिक्सरमध्ये पाण्याबरोबर वाटली. बाजारातली चिंचोका पावडर २ टक्के, गरम पाण्यात विरघळवली. ग्लिसरीन डिंकाच्या ३० टक्के. त्यात बीसी डिंकाच्या ०, ५, १० आणि १५ टक्के. ओल्या वजनाचा शंभरावा भाग म्हणजे कोरडं बीसी, असा हिशेब धरला. ९ सेंमीच्या प्लास्टिकच्या पेट्री डिशमध्ये ३० ग्रॅम ओतून ५० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर.

अडचणी चार. फिल्ममध्ये साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. १० टक्क्यांपासून पुढे फिल्म पापडासारखी मुडपते. टेन्साइल स्ट्रेंग्थ (ताणून तोडायला लागणारा जोर) ५ टक्क्यांना वाढते, १० ला पडते, आणि प्रत्येक घाण्याला आकडा वेगळा येतो. बाष्प-पारगम्यता (फिल्ममधून पाण्याची वाफ किती जाते ते) बीसीमुळे कमी व्हायला हवी, ती वाढलेली दिसते. चूक नेमकी कुठे आहे?

---

सूक्ष्मदर्शी

चारही अडचणींची मुळं बऱ्याच अंशी एकाच जागी आहेत : बीसी डिंकात मिसळण्याआधी तुम्ही त्याचं काय करता. क्रमाने बघू.

पिळणं आणि हिशेब. निथळलेल्या सायीत घन भाग साधारण १ टक्का असतो हे खरं, पण पिळल्यावर तो ३, ४, कधी त्याहूनही जास्त होतो, आणि हाताचा जोर रोज सारखा नसतो. तुमच्या घाण्यात डिंक ०.६ ग्रॅम आहे. १० टक्के बीसी म्हणजे ०.०६ ग्रॅम, म्हणून तुम्ही ६ ग्रॅम ओली साय घेतली असणार. ती पिळून ३ टक्क्यांची झाली असेल तर प्रत्यक्षात ०.१८ ग्रॅम बीसी गेलं, म्हणजे १० च्या जागी ३० टक्के! एवढ्या फरकाने आकडे जुळणं शक्यच नाही. पिळू नका. आधी सगळ्या सायीचा एकच घाणा वाटून त्याची पातळ लापशी करा, त्यातले तीन नमुने १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून घन भाग मोजा आणि लापशी बरोबर ०.५ टक्क्यावर आणा. पुढचं सगळं मोजमाप या लापशीच्या वजनावर. फ्रिजमध्ये ४ अंशांवर ती ठेवता येते. गोठवू मात्र नका. बर्फाचे स्फटिक तंतू एकमेकांवर दाबतात आणि वितळल्यावर पाणी वेगळं सुटतं.

ठिपके. ते न सुटलेले बीसीचे गोळे आहेत. बीसीचा तंतू २० ते १०० नॅनोमीटर रुंदीचा, पट्टीसारखा आणि लांब असतो. ओल्या सायीत तो पाण्यामुळे मोकळा असतो. पाणी काढलं की शेजारचे तंतू हायड्रोजन बंधांनी चिकटतात आणि परत पाणी घातलं तरी पूर्वीसारखे सुटत नाहीत. जोरात पिळलं की हे थोडं होतं, वाळवलं की पूर्ण होतं. म्हणून बीसी एकदाही वाळलेलं नसावं.

दुसरी गोष्ट, साध्या पाण्यात वाटू नका. ०.२ ते ०.३ टक्के डिंकाच्या पातळ द्रावणातच वाटा. चिंचोक्यातलं झायलोग्लुकन म्हणजे सेल्युलोजसारखाच ग्लुकोजचा कणा, त्यावर झायलोज आणि गॅलॅक्टोजच्या फांद्या. कणा सेल्युलोजच्या पृष्ठभागाला घट्ट बसतो, फांद्या पाण्याकडे राहतात, त्यामुळे तंतू एकमेकांवरून घसरतात आणि गोळे कमी होतात. (घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. धाग्यावर गुळगुळीत, घट्ट लेप बसवण्याचं तेच काम इथे नॅनोमीटरच्या मापात होतं.) या वाटणातला डिंक एकूण डिंकाच्या हिशेबात धरायला विसरू नका. साय १ सेंमीच्या तुकड्यांत कापून, घन भाग अर्धा टक्का ठेवून, ३० सेकंद चालू आणि ३० सेकंद बंद असं एकूण ८ ते १० मिनिटं वाटा. भांडं तापलं तर बर्फाच्या पाण्यात ठेवा. झालं की थेंबभर लापशी काचपट्टीवर दाबून ओळखीच्या छापील अक्षरांवर धरा. डोळ्याला दाणा दिसला तर फिल्ममध्ये तो ठिपका होणारच.

पावडर. बाजारातली चिंचोका पावडर शुद्ध झायलोग्लुकन नसते. साठ टक्क्यांच्या आसपास पॉलिसॅकराइड, बाकी प्रथिनं, तेल आणि टरफलाचे कण. तुमच्या ठिपक्यांपैकी काही न विरघळलेली प्रथिनंही असतील. ० टक्के बीसीच्या फिल्ममध्ये ठिपके आहेत का ते बघा, लगेच कळेल. शुद्ध करणं अवघड नाही : २० ग्रॅम पावडर २०० मिली थंड पाण्यात कालवा, उकळत्या ८०० मिली पाण्यात हळूहळू ओता, २०-३० मिनिटं ढवळत मंद उकळू द्या, रात्रभर स्थिर ठेवा. वरचं द्रावण सेंट्रिफ्यूज करा आणि दुप्पट आकारमानाच्या अल्कोहोलमध्ये धार धरून ओता. कापसासारखा गोळा येतो. तो अल्कोहोलने धुऊन, दाबून, ५० अंशांवर वाळवून दळा. फिल्मचा पिवळट रंग आणि तेलकट वास दोन्ही बरेच कमी होतात.

बीसीची धुलाई. कॉस्टिकचं प्रमाण तुम्ही लिहिलेलं नाही. ०.५ नॉर्मल (लिटरला २० ग्रॅम), ८० अंशांवर तासभर, गरज पडल्यास द्रावण बदलून पुन्हा एकदा. साय पिवळट राहिली म्हणजे जिवाणूंच्या पेशी आणि माध्यम आत आहेत. सोडा वाढवून काम लवकर होईल असं वाटतं, पण १० टक्क्यांच्या आसपास गेलात की सेल्युलोज एकचं (नैसर्गिक स्फटिकरचना) सेल्युलोज दोन (बदललेली रचना) होऊ लागतं. एक्स-रे विवर्तनात (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीत) १४.५, १६.८ आणि २२.७ अंश कोनांची शिखरं जाऊन १२ आणि २० अंशांजवळ नवी दिसू लागली तर तेच झालं आहे असं समजा. नंतर पाण्याने धुताना बाहेरच्या पाण्याचा पीएच ७ आला म्हणून थांबू नका. साय जाड असते आणि आतला सोडा हळूहळू बाहेर येतो. पाणी बदलून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा पीएच बघा. राहिलेल्या अल्कलीमुळे फिल्म तापवल्यावर पिवळी पडते आणि औष्णिक विश्लेषणात (तापवत नेऊन करायच्या चाचणीत) विघटन लवकर सुरू झालेलं दिसतं. लोक तो दोष डिंकाच्या माथी मारतात.

---

जैवपटल

सूक्ष्मदर्शींनी मिसळण्यापर्यंतचं सांगितलं आहे, मी ओतण्यापासून पुढचं लिहिते.

तुमच्या मालिकेत मूळ दोष असा की डिंक तेवढाच ठेवून त्यावर बीसी वाढवत गेलात. म्हणजे १५ टक्क्यांची फिल्म ० टक्क्यांच्या फिल्मपेक्षा जाडही आहे. पाणी ओढणाऱ्या फिल्ममध्ये जाडी वाढली की मोजलेली बाष्प-पारगम्यताही वाढते, जरी सूत्रात जाडी धरलेली असली तरी. तुमच्या चौथ्या अडचणीचा मोठा भाग इथेच असावा. एकूण घन भाग स्थिर ठेवा आणि डिंकाच्या जागी बीसी घाला.

९ सेंमी डिशचं क्षेत्रफळ ६३.६ चौ. सेंमी. ६० मायक्रॉनची फिल्म हवी आणि घनता १.४ धरली तर एकूण घन भाग ०.५३ ग्रॅम. ग्लिसरीन एकूण पॉलिमरच्या २५ टक्के ठेवलं तर पॉलिमर ०.४२४ ग्रॅम, ग्लिसरीन ०.१०६. त्यात बीसी १० टक्के म्हणजे ०.०४२ ग्रॅम, डिंक ०.३८२. प्रत्यक्ष वजनं : ०.५ टक्क्याची बीसी लापशी ८.४ ग्रॅम, २ टक्क्यांचं डिंकाचं द्रावण १९.१ ग्रॅम, ग्लिसरीन ०.१०६, उरलेलं पाणी, एकूण ३० ग्रॅम. हा साध्या पाण्यातल्या लापशीचा हिशेब आहे. लापशी डिंकात वाटलेली असेल तर तितका डिंक ०.३८२ ग्रॅममधून वजा करून द्रावणाचं वजन पुन्हा काढा. ग्लिसरीन थेट तोलू नका, १० टक्क्यांचं द्रावण करून १.०६ ग्रॅम घाला, चूक दहापट कमी होते.

मिश्रण ६० अंशांवर अर्धा तास ढवळा, मग व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये (हवा काढून घेता येणाऱ्या बंद भांड्यात) बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. हे टाळलं की प्रत्येक बारीक बुडबुडा वाळताना खळगा होतो, आणि अशा खळग्यापाशीच पट्टी तुटते. प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गोळे फोडणारं यंत्र) वापरत असाल तर टोकाची टायटॅनियमची करडी भुकटी द्रावणात उतरते, तिचे ठिपके वेगळे ओळखा.

मुडपणं. दोन कारणं, आणि दोन्हींचा उपाय वेगळा. ५० अंशांच्या ओव्हनमध्ये पंखा असेल तर वरची बाजू आधी वाळून कातडी धरते, खालची नंतर आकसते. तापमान ३५ ते ४० करा, डिशवर सच्छिद्र कागद झाका, २४ तास द्या. शेल्फ स्पिरिट लेव्हलने तपासा. वाकडं शेल्फ म्हणजे एका कडेला ४० आणि दुसरीकडे ८० मायक्रॉन.

दुसरं कारण बीसी तळाला बसणं. डिंक पातळ असेल किंवा गोळे राहिले असतील तर हे होतं. ओळखायचं असं : फिल्मची हवेकडची बाजू पेन्सिलने खूण करून ठेवा. प्रत्येक डिशची फिल्म नेहमी त्याच बाजूला वळत असेल आणि बीसीबरोबर वळण वाढत असेल, तर तळाशी तंतूंचा थर बसला आहे. कधी इकडे कधी तिकडे वळत असेल तर दोष वाळवण्यात. तळाला बसत असेल तर पाणी घालून पातळ करू नका, उलट ओतायचं द्रावण थोडं घट्ट ठेवा.

फिल्म ओव्हनमधून काढल्याबरोबर सोलू नका, कडा तडकतात. ५० ते ६० टक्के आर्द्रतेत तासभर ठेवून मग सोला.

टेन्साइल. एएसटीएम डी ८८२ (पातळ प्लास्टिक ताणून तपासण्याची प्रमाण पद्धत) प्रमाणे करत असाल असं धरते. आकडे फिरण्याचं सर्वांत मोठं कारण हवा. जुलैत कोकणातल्या वातानुकूलन नसलेल्या खोलीत आर्द्रता ८५ च्या पुढे असते, मे महिन्यात विदर्भात ती २० च्या आसपास उतरते. ग्लिसरीन असलेली तीच फिल्म पहिल्या ठिकाणी रबरासारखी ताणली जाईल, दुसऱ्या ठिकाणी काडीसारखी मोडेल. दोन्ही आकडे खरे, पण शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. पट्ट्या मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर बंद डेसिकेटरमध्ये ४८ तास ठेवा (२५ अंशांना सुमारे ५३ टक्के आर्द्रता). तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे, नाहीतर ते संपृक्त नाही. ६० मायक्रॉनची फिल्म खोलीच्या हवेशी मिनिटांत जुळवून घेते, म्हणून पट्टी मशीनवर चढवेपर्यंत झिपच्या पिशवीत ठेवा आणि चाचणीच्या वेळची आर्द्रता वहीत लिहा.

पट्टी नव्या ब्लेडने एका ओढीत कापा, कात्रीने नाही. जाडी पाच जागी मोजा आणि सगळ्यांत पातळ जागा मधे कुठे आहे ते बघा. जबड्यांत बारीक पॉलिश पेपर दुमडून धरा. जबड्यापाशी तुटलेली पट्टी हिशेबातून काढा, किमान पाच चांगल्या पट्ट्या हव्यात. इतकं केल्यावरही १० टक्क्यांना स्ट्रेंग्थ पडली तर तो बीसी चांगलं पसरलं नसल्याचा पुरावा मानते. गोळा म्हणजे फिल्ममधली फट. तिच्या टोकाशी ताण एकवटतो.

अपेक्षा किती ठेवावी तेही सांगते. दाबून वाळवलेल्या निव्वळ बीसीचा यंग मॉड्युलस (ताठपणाचं माप) १५ गिगापास्कलच्या वर नोंदलेला आहे, पण ताणलं तर काही टक्क्यांत तुटतं. वाटलेल्या बीसीच्या फिल्ममध्ये तो आकडा शोधू नका. वाटताना सायीचं अखंड जाळं तुटलेलं असतं, उरते ती तंतूंची भर. स्ट्रेंग्थ वाढेल, लांबण कमी होईल, एवढंच.

---

सूक्ष्मदर्शी

ग्लिसरीनच्या बाबतीत जैवपटल यांच्याशी थोडी असहमती. ग्लिसरीन स्फटिकी सेल्युलोजच्या आत शिरत नाही, ते डिंकात आणि तंतूंच्या पृष्ठभागावर राहतं. एकूण पॉलिमरवर २५ टक्के धरलं तर बीसी वाढेल तसा डिंकाच्या वाट्याला जास्त ग्लिसरीन येतं आणि बीसीचा परिणाम झाकला जातो. मालिका तपासायची असेल तर ग्लिसरीन डिंकाच्या वजनावर धरावं. दोन्ही पद्धती चालतात, पण कोणती वापरली ते लिहिल्याशिवाय तक्ता निरुपयोगी.

---

जैवपटल

मान्य, तुलनेसाठी तुमची पद्धत जास्त चोख आहे. माझी पुडी बनवणाऱ्यासाठी सोयीची, कारण त्याला एकूण वजनाशी मतलब असतो. आणि दोन्हींत ३५-४० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. ग्लिसरीन पृष्ठभागावर येऊन फिल्म चिकट होते, मसाल्याची पूड तिला धरून बसते.

---

नवतंतू

दोघांचे मनापासून आभार. ० टक्क्याची फिल्म पुन्हा प्रकाशात धरून बघितली, तिच्यातही बारीक ठिपके आहेत, म्हणजे पावडर शुद्ध करावीच लागणार. दोन गोष्टी राहिल्या. बाष्प-पारगम्यता मी वाटीत कॅल्शियम क्लोराइड ठेवून, तोंडावर फिल्म मेणाने चिकटवून मोजतो. यात चूक कुठे शिरू शकते? आणि पेक्टिन वापरलं तर फरक पडेल का?

---

पाझर

पारगम्यतेबद्दल लिहितो.

बाहेर मिठाचं संपृक्त द्रावण (२५ अंशांना ७५ टक्के आर्द्रता), आत कोरडं कॅल्शियम क्लोराइड, असं धरून उदाहरण. वाटीचं तोंड २० चौ. सेंमी, दर तासाला वजन ०.०६ ग्रॅमने वाढतं. म्हणजे चौरस मीटरला तासाला ३० ग्रॅम, सेकंदाला ०.००८३३ ग्रॅम. जाडी ६० मायक्रॉनने गुणा, दाबाच्या फरकाने भागा. २५ अंशांना पाण्याचा संपृक्त बाष्पदाब ३१६९ पास्कल, त्याचे ७५ टक्के २३७७. उत्तर २.१ गुणिले १० चा उणे दहावा घात, एकक ग्रॅम प्रति मीटर-सेकंद-पास्कल. पॉलिसॅकराइडच्या फिल्म साधारण याच घातात येतात. एलडीपीई (पिशव्यांचं नेहमीचं पॉलिथिन) यापेक्षा शंभरपटीहूनही कमी बाष्प सोडतं. म्हणून हळद-तिखट पावसाळाभर कोरडं ठेवण्याचं काम या अस्तरावर एकट्याने टाकू नये. ऑक्सिजन अडवण्यात, फिल्म कोरडी असेपर्यंत, ती चांगली आहे, म्हणजे सुगंध आणि तेल खवट होण्याच्या बाबतीत तिचा खरा उपयोग. बाहेरून ओल अडवणारा दुसरा थर द्या.

चुका कुठे शिरतात : मेण गळतं का ते बघायला एका वाटीवर फिल्मऐवजी ॲल्युमिनियम फॉइल लावा. तिचं वजन वाढलं तर सगळे आकडे फेकून द्या. निव्वळ पॅराफिन मेण थिजल्यावर तडकतं, त्यात मधमाश्यांचं मेण मिसळा. कॅल्शियम क्लोराइड फिल्मपासून ६ मिमीच्या आत पोचेल इतकं भरा. मधे जास्त हवा राहिली तर ती हवाही अडथळा बनते आणि फिल्म आहे त्यापेक्षा चांगली दिसते. कॅल्शियम क्लोराइड ओलं होऊन वर पपडी धरली तर आतली आर्द्रता शून्य राहिलेली नाही, तिथेच थांबा. बाहेर छोटा पंखा हवा. पहिल्या दोन तासांची वजनं सोडून द्या, फिल्म स्वतः पाणी पिते. नंतरची वजनं सरळ रेषेत यायला हवीत. रेषा वाकत असेल तर उतार काढण्यात अर्थ नाही.

बीसी नीट पसरलं असेल तर स्फटिकी भागातून पाणी जात नसल्याने वाट लांबते आणि पारगम्यता थोडी कमी होते. गोळे असतील तर त्यांच्या कडेने सूक्ष्म भोकं राहतात आणि ती वाढते. म्हणजे ठिपके गेले की हा आकडाही सुधारायला हवा.

पेक्टिनबद्दल : ते झायलोग्लुकनसारखं सेल्युलोजला घट्ट बसत नाही, त्याची ताकद कॅल्शियममधून येते. कमी मेथॉक्सिलचं पेक्टिन (कॅल्शियमने घट्ट होणारा प्रकार) घ्या. कॅल्शियम ओतण्याआधी मिसळलं तर भांड्यातच गुठळ्या होतात. वाळलेली फिल्म २ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये काही मिनिटं बुडवा, धुवा, चौकटीत ताणून वाळवा. बुडवताना ग्लिसरीन पाण्यात निघून जातं, म्हणून त्या द्रावणातही थोडं ग्लिसरीन ठेवावं, नाहीतर फिल्म ठिसूळ होते. बीसीत कॉस्टिक राहिला असेल तर पेक्टिन फारच हळवं आहे : अल्कलीत, त्यातून गरम, त्याची साखळी तुटते आणि द्रावण बघता बघता पातळ होतं. चिंचोक्याचा डिंक हे सहन करतो, पेक्टिन नाही.

एक्स-रे विवर्तनातून स्फटिकता काढणार असाल तर जपून. अस्फटिकी डिंक मिसळला की एकूण टक्केवारी उतरणारच, ते निव्वळ पातळ होणं आहे. डिंकाने सेल्युलोजची रचना बदलली असं त्यावरून म्हणता येत नाही. डिंक वाढीच्या माध्यमातच घातला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे झायलोग्लुकन तंतू जुळतानाच मधे येतं, रचना खरोखर बदलते, साय मऊ आणि जास्त ताणली जाणारी होते. तसंच इन्फ्रारेड चाचणीतला ३३४० प्रति सेंमी जवळचा पट्टा थोडा सरकला म्हणून हायड्रोजन बंध सिद्ध झाले असं लिहू नका. फिल्ममध्ये पाणी किती होतं त्यावरही तो सरकतो.

---

नवतंतू

शेवटचं एक. साय वाढवायला १० दिवस जातात. तयार नाता दे कोको घेऊन सराव केला तर चालेल का?

---

सूक्ष्मदर्शी

चालेल, तेही बीसीच आहे, नारळाच्या पाण्यावर वाढवलेलं. पण ते साखरेच्या पाकात येतं आणि त्यात सायट्रिक ॲसिड असतं. राहिलेली साखर प्लास्टिसायझरसारखी (ग्लिसरीनसारखी, फिल्म मऊ करणारी) वागते आणि स्ट्रेंग्थचे आकडे बिघडवते. तुकडे भरपूर पाण्यात अर्धा तास उकळा, पाणी बदला, असं चार-पाच वेळा, मग रात्रभर साध्या पाण्यात. शेवटच्या पाण्याचे ५० मिली वाटीत आटवा. तळाला चिकट डाग राहिला तर साखर अजून आहे, आणखी एक पाणी द्या. मग वर लिहिलेली सोड्याची धुलाई, आणि त्यानंतरच घन भाग मोजा. शिवाय तुमच्या सायीचे आकडे आणि याचे आकडे एका तक्त्यात ठेवू नका, तंतूंची जाडी आणि जाळ्याची घनता वाढवण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलते.